आजीची लॉगबुकं : प्रकल्प नोंदी

१६ मार्च २०२५, रविवार

चुलतभावाने, म्हणजे आमच्या दादाने, घराण्याची वंशावळ पीडीएफमध्ये करायला घेतलीये. प्रत्येक माणसाला एक चौकोन, त्यात नाव, जन्मसाल, गाव, व्यवसाय. मेहनत खरंच घेतलीये त्याने, पाथर्डीकडच्या भावकीला फोन करून करून नावं काढलीयेत, पण बायकांच्या चौकोनात व्यवसायापुढे सगळीकडे "गृहिणी", सरळ कॉपी पेस्ट. आजीच्यापण. आता आजीने भवानी पेठेत काशेवाडीच्या खोलीत बसून जवळजवळ तीस वर्षं विड्या वळल्या हे घरात कुणाला माहीत नाही असं नाही. मी ग्रुपवर लिहिलं तर दादा म्हणतो, "अगं घरीच बसून करायची ना, मग गृहिणीच की." आणि अण्णांच्या, म्हणजे आजोबांच्या चौकोनात काय, तर "हमाल, भुसार बाजार, हमाल पंचायतीचे जुने सभासद", बिल्ल्याच्या फोटोसकट. बिल्ला पप्पांच्या हॉलमध्ये फ्रेम करून लावलेला आहेच.

तर ठरलं, आजीचं पान मी करणार, आणि एका पानात बसणार नाही हे दादाला आधीच सांगून ठेवलंय. सामान सगळं आत्याकडे हडपसरला एका नायलॉनच्या पिशवीत आहे: विडीची लॉगबुकं (पहिलं १९७८ चं, शेवटचं २००६ चं, मधली बरीच गायब), कामगार ओळखपत्र, पीएफच्या स्लिपा, रेशनकार्डाची झेरॉक्स, स्कॉलरशिपचा कसलातरी फॉर्म, आणि पत्र्याचा फर्मा, म्हणजे विडीचं पान कापायचा साचा. पिशवी द्यायला आत्या एका अटीवर तयार झाली, कारखान्याचं नाव कुठेही छापायचं नाही. का विचारलं तर "नाही म्हणजे नाही". बरं.

२३ मार्च, रविवार

लॉगबुक म्हणजे हातात मावेल एवढी वही, पुठ्ठ्याचं कव्हर, आत रकाने. तारीख, दिलेला पाला, दिलेली तंबाखू, दोरा, जमा विड्या, छाट (म्हणजे नापास विड्या), मजुरी, सही. आजीची सही म्हणजे अंगठा, शाई पसरलेली, साधारण १९९१ पासून मात्र चार अक्षरं दिसतात, ती आत्याने शिकवली म्हणे.

ही वही मुळात आहे का, तर १९६६ च्या विडी आणि सिगार कामगार कायद्यामुळे. कारखान्यात बसून वळणाऱ्यांची हजेरी तरी असते, पण घरी माल नेऊन वळणाऱ्या बायकांची, घरखेपी कामगार म्हणतात त्यांना, कुठे काय नोंद असणार? या कायद्याने घरखेपीपण कामगारच धरले. मग १९७६ साली विडी कामगार कल्याण निधीचा कायदा आला आणि विडीवर सेस, म्हणजे जास्तीचा कर, लागला, आणि १९७७ पासून विडी धंद्याला पीएफ लागू झाला. आजीचं पहिलं लॉगबुक १९७८ चं आहे ते उगाच नाही, म्हणजे वळत ती आधीपासून होती, पण वही मिळाली तेव्हापासून कागदावर आली. मागचं सगळं तोंडी.

दादाला हे पाठवलं. कायद्याने कामगार, वंशावळीत गृहिणी, असं कसं? त्याचा अंगठा आला, म्हणजे वाचलं नाही.

६ एप्रिल, रामनवमी

आत्याकडे रेकॉर्डिंग. फोन टेबलावर ठेवला तर ती आधी कॅमेऱ्याकडे बघून भाषणासारखं बोलायला लागली, "माझी आई अत्यंत कष्टाळू होती" वगैरे, मग मी फर्मा तिच्या हातात दिला आणि म्हटलं तू मला विडी कशी करायची ते सांग फक्त. त्यानंतर थांबलीच नाही. जसं बोलली तसं लिहून काढतेय, थोडं इकडचं तिकडे करून.

संध्याकाळी कारखान्यातून पाला आणायचा, तंबाखू मापून मिळायची, दोऱ्याचं रीळ. पाला म्हणजे तेंदूची पानं, विदर्भातून आणि मध्य प्रदेशातून यायची, एप्रिल-मेमध्ये तोडून वाळवलेली. ती तशीच कापली तर तुटतात, म्हणून रात्री भिजवून ओल्या गोणपाटात गुंडाळून ठेवायची. सकाळी नळाला पाणी यायच्या आधी उठून फर्मा पानावर ठेवून कात्रीने कापत सुटायचं, एका चांगल्या पानात दोन तुकडे निघाले तर नशीब, भोकं पडलेलं पान असलं तर एकपण नाही. कापून झालं की सूप मांडीवर. तुकडा हातात, चिमूटभर तंबाखू, बोटांनी वळायचं, एका टोकाला दोरा, दुसरं टोक नखाने आत दुमडायचं. पंचवीस विड्यांचा एक कट्टा, चाळीस कट्टे म्हणजे हजार. चांगला हात असलेली बाई दिवसभर बसली तर हजार होतात, पण दिवसभर बसणार कोण, पाणी आहे, रॉकेलची लाइन आहे, पोरं आहेत, अण्णांचा डबा आहे, म्हणून आजीचे आठशेच्या आसपास.

संध्याकाळी जमा करायला जायचं तिथे चेकर. तो कट्टा उचलून बघणार, दाबून बघणार, दोन-चार विड्या बोटाने उडवणार, "छाट". छाट म्हणजे नापास विडी. तिची मजुरी नाही. आणि नापास झालेली विडी परतपण मिळायची नाही, ती कारखान्यातच राहायची. आत्या म्हणाली, "नापास होती तर फेकायची ना, मग ठेवून काय करायचे रे तुम्ही?" हे ती चेकरला विचारत होती, तिच्याच बैठकीच्या खोलीत बसल्यासारखा तो समोर होता तिच्या.

दुसरी गोष्ट जी वहीत नाहीच. हजार विड्यांचा म्हणून जो पाला मिळायचा त्यात हजार कधीच व्हायच्या नाहीत, पानं खराब निघायची. मग कमी पडलेला पाला बायका पदरचे पैसे घालून बाहेरून विकत आणायच्या. म्हणजे वहीत "मजुरी" म्हणून जो आकडा आहे त्यातून हे वजा करायला पाहिजे, किती ते आता कोण सांगणार.

शिकवलं कुणी? शेजारच्या अम्मांनी. भवानी पेठ, नाना पेठ, गंज पेठ या भागात तेलुगू बोलणाऱ्या पद्मशाली लोकांची खूप घरं, तेलंगणातून आलेली, आणि त्यांच्या बायकांचा विडीवर हात बसलेला. आजी आली ती नगर जिल्ह्यातून, हातात फक्त खुरपं धरलेलं. अम्मांनी तिला आधी नुसता पाला कापायला बसवलं, मग कट्टे बांधायला, वळायला दिलं ते खूप नंतर. आत्या म्हणते, "आईला शिव्या तेलुगूत यायच्या, कारण विडी तेलुगूत शिकली ती."

चहा झाला, मग अजून अर्धा भाग बोलली तो पुढे.

१२ एप्रिल

त्याच रेकॉर्डिंगमधून, गाव सोडण्याचा भाग. १९७२ चा दुष्काळ. पाथर्डी तालुक्यात त्याआधीपण पाऊस नीट नव्हता, ७२ ला सगळंच गेलं. अण्णा आणि आजी दोघं दुष्काळी कामावर खडी फोडायला. आजीच्या कडेला आत्या, वर्षाची, पप्पा तीनचे. मुलांना सुकडी मिळायची, रेशनला मिलो, ती लाल परदेशी ज्वारी, आजी शेवटपर्यंत कुठलीही भाकरी बिघडली की "मिलोची झालीये" म्हणायची. १९७३ ला अण्णा गाववाल्यांच्या ओळखीने पुण्यात हमालीला आले, मागून आजी. गाव सुटलं ते सुटलं.

एवढंच आहे यावर. आत्याला आठवत नाही, ती लहान होती, आणि आजीने सांगितलं ते एवढंच, दुष्काळाबद्दल ती लांबण लावत नसे.

२० एप्रिल, रविवार

स्कॅनिंग. फ्लॅटबेडवर वह्या दाबल्या तर शिलाई सुटते, म्हणून मोबाइलने वरून फोटो, खिडकीजवळ, फ्लॅश बंद. फाइलचं नाव वर्ष-महिना-पान. तंबाखूचा वास अजून आहे वह्यांना, माझ्या मुलीने नाक दाबून "ई" केलं. एक्सेलमध्ये भरायला सुरुवात, रोजची जमा आणि रोजची छाट एवढंच, मजुरीचा रकाना बऱ्याच ठिकाणी पुसट आहे तो सोडून देतेय.

१ मे, गुरुवार

सुट्टी, पप्पांकडे बिबवेवाडीला. पप्पांना वाटतं मी उगाच वाढवतेय. त्यांचं वाक्य ठरलेलं आहे, लहानपणापासून ऐकतेय, "घर अण्णांच्या पाठीवर चाललं, आईचा हातभार होता." मी विचारलं हातभार म्हणजे साधारण किती, तर म्हणाले असं मोजतात का.

आता अण्णांचं काम काय साधं नव्हतं. शंभर किलोचं पोतं पाठीवर, मार्केट गुलटेकडीला गेलं तेव्हा रोजचं चालणं वाढलं, शेवटी गुडघे गेले. पण हमालाचं काम गाडी आली तर. पावसाळ्यात माल कमी, संपात काम बंद, पाठ धरली की आठवडा खाटेवर. त्यांची माणसं निदान एकत्र होती, बाबा आढावांनी १९५५ ला हमाल पंचायत काढली, १९६९ ला माथाडी कायदा आला, बिल्ला, बोर्ड, मोर्चे, फोटो, सगळं आहे आणि असायलाच पाहिजे. अण्णांचा एका मोर्चातला फोटोपण आहे, मागच्या रांगेत. आजी मोर्चात गेली का? आत्या म्हणते, एकदोनदा गेली विडीवाल्यांच्या, पण त्या दिवशीचे आठशे रात्री जागून पुरे केले.

मी पप्पांना एक्सेल दाखवलं. अण्णांची पाठ धरली होती तो पावसाळा १९८४ चा, हे पप्पांनाच आठवत होतं कारण त्यांची नववी. त्या आठवड्यांत आजीच्या वहीत हजार, अकराशे, एकदा बाराशे पन्नास. छाटपण वाढलीये, म्हणजे घाईत वळलेल्या. पप्पा चष्मा लावून बघत राहिले आणि मग म्हणाले, "बाराशे एकटीला होत नाहीत."

हो, तोच तर मुद्दा. पुढे.

११ मे, रविवार

वही ज्या नावाची, विड्या त्याच हाताच्या, असं नव्हतं. आकड्यांचा आलेख काढला आणि आत्याबरोबर फोनवर एकेक टेकाड वाचलं:

रविवारी पाला कापून ठेवलेला असायचा म्हणून सोमवारची जमा जास्त. मे महिन्यात सगळ्यात जास्त, कारण शाळेला सुट्टी. वार्षिक परीक्षेच्या दिवसांत कमी. १९८९ च्या जूनपासून आकडा धाडकन खाली, दोनशे-अडीचशेने, आणि परत कधी तिथे पोचलाच नाही. मी विचारलं आजी आजारी होती का? आत्या हसायला लागली. "अगं बये, मेमध्ये लग्न झालं ना माझं."

आत्या साताठ वर्षांची असल्यापासून बसायची. आधी टोक दुमडायला, लहान बोटांनी ते चांगलं होतं, मग वळायलापण. शाळा सातवीला सुटली. पप्पा आणि काका कट्टे बांधायचे आणि दोरा कापायचे, पण पोरांना दहावीच्या वर्षी उठवलं, "अभ्यास कर". आत्याला कुणी उठवलं नाही. हे ती चिडून नाही सांगत, तेच मला जास्त लागतं, ती सांगते की त्या चाळीत सगळ्याच पोरी बसायच्या आणि कार्ड फक्त आईच्या नावावर असायचं.

आणि उलटंपण आहे. काकांचा जन्म नोव्हेंबर १९८० चा. वहीत मध्ये कोरी पानं आहेत आणि मग तीनशे-चारशेपासून परत सुरू. बाळंतपणाचा लाभ कायद्यात विडी कामगारांनापण आहे, घरखेपींनापण, पण वहीत त्याची ओळ नाही, म्हणून मी नोंदीत लिहिलं की या काळात काम बंद, उत्पन्न बंद. आत्या म्हणाली बंद कुठे, चाळीस दिवस व्हायच्या आत सूप घेतलं होतं तिने मांडीवर, पण बाळंतीण बाई दारात माल जमा करायला जाणार कशी, मग त्या विड्या अम्मांच्या कार्डावर गेल्या आणि पैसे अम्मांनी घरात आणून दिले. म्हणजे आजीच्या वहीत आत्या आहे आणि अम्मांच्या वहीत आजी. अम्मांची वही कुठे आहे कुणास ठाऊक, त्यांची मुलं सोलापूरला गेली. त्यांच्यातल्या एकीला कुंभारीच्या गोदूताई परुळेकर वसाहतीत घर मिळालं म्हणे, ती दहा हजार घरांची विडी कामगार बायकांची वसाहत, २००६ ला ताबा दिला ती.

१ जून, रविवार

स्कॉलरशिपचा फॉर्म. हा आधीच बघायला हवा होता असं नाही, पण आता बघितला ते बरं झालं, आधी बघितला असता तर कळलं नसतं काय आहे ते.

घरातली दंतकथा: पप्पा हुशार, पप्पांना स्कॉलरशिप मिळाली, औंधच्या आयटीआयला फिटर ट्रेड केला, कंपनीत लागले, घर वर आलं. दादाच्या पीडीएफमध्येपण पप्पांच्या चौकोनात "शिष्यवृत्तीवर शिक्षण" असं ठळक अक्षरात आहे.

फॉर्म १९८६ चा आहे. वर छापलंय, विडी कामगारांच्या पाल्यांसाठी. खाली कामगाराचं नाव, ओळखपत्राचा नंबर, किती वर्षं काम, आणि मालकाचा शिक्का. कामगाराच्या जागी आजीचं नाव. म्हणजे पैसे आले ते सेसमधून, विडीवर लागलेल्या सेसमधून, जो कल्याण निधीत जायचा आणि ज्यातून ही स्कॉलरशिप. आणि तो शिक्का मिळवायला आजी मुकादमाच्या मागे किती फिरली ते आत्याला पाठ आहे, कारण शिक्का दिला की ही बाई आमची कामगार आहे हे लेखी कबूल केल्यासारखं होतं, म्हणून टाळाटाळ. उद्या ये, परवा ये, साहेब नाहीत. शेवटी आजी सूप घेऊन कारखान्याच्या पायरीवरच जाऊन बसली आणि तिथे वळायला लागली. दिलं मग. (कारखान्याचं नाव का नको ते मला वाटतं इथे आहे, पण आत्याने सांगितलं नाही आणि मी विचारणार नाही.)

हा सेस २०१७ ला जीएसटी आला तेव्हा बंद झाला. हे पानावर एका ओळीत टाकायचं, जास्त नाही.

पप्पांना फॉर्मचा फोटो पाठवला. निळ्या टिका आल्या. उत्तर नाही.

८ जून

पप्पांचा फोन, इकडचं तिकडचं बोलून मग, "मार्कपण होते माझे चांगले." म्हटलं होतेच पप्पा, मी कुठे नाही म्हणतेय, फॉर्मवर मार्कांचापण रकाना आहे. मग म्हणाले, पायरीवर बसली होती ते त्यांना माहीत नव्हतं. त्यांना वाटायचं शाळेतून आपोआप आलं.

२१ जून, शनिवार

पालखी पुण्यात. आत्याला घेऊन भवानी पेठेत गेले, पालखी विठोबा मंदिराच्या बाजूला, ज्ञानोबांचा मुक्काम तिथे, तुकोबांचा नाना पेठेत निवडुंग्या विठोबाला. गर्दीत प्रकल्पाचं काम काय होणार, पण एक कोडं सुटायचं होतं. वह्यांमध्ये दर वर्षी दोन दिवस जमा शून्य, कधी जूनमध्ये कधी जुलैत, तारीख सरकत जाणारी. सण म्हणावा तर दिवाळीतसुद्धा आजीची शून्य नाही, पाडव्याला पाचशे आहेत. मला तिथीने बघायचं सुचलं, जुन्या पंचांगाच्या तारखा लावल्या आणि बसल्या, ज्येष्ठ वद्य नवमी-दशमीच्या आसपास. दोन मुक्काम, दोन शून्यं.

आत्या म्हणाली मला विचारायचं ना, त्यात पंचांग कशाला. खोलीत पाथर्डीकडचे वारकरी उतरायचे, दहा-बारा जण त्या एवढ्याशा जागेत, पिठलं-भाकरी, आणि सूप, पाला, तंबाखू सगळं माळ्यावर, फडक्याने झाकून, माळकऱ्यांना वास नको म्हणून. स्वतः आजीने विडी कधीच ओढली नाही, पण मिश्री लावायची दोन वेळा, ती मात्र वारकऱ्यांच्या देखत मोरीत जाऊन लावायची. वर्षात तेवढेच दोन दिवस तिची पाठ भिंतीला टेकलेली आत्याने बघितलीये. स्वयंपाक होताच, पण तो उभ्याने आणि लोकांत.

काशेवाडीची खोली आता नाही, तिथे इमारत झालीये. फोटो काढला नाही, नुसता रस्ता आला असता.

२९ जून, रविवार

तब्येत हा भाग छोटाच ठेवतेय. खोकला होता, तंबाखूच्या धुरळ्याचा असं सगळे म्हणायचे, डॉक्टरांनी काय लिहिलं ते कागद नाहीत. कंबर आणि मान गेलेली. उजव्या हाताचं नख टोकं दुमडून दुमडून झिजलेलं आणि पिवळं, ते मलापण आठवतंय. २००६ ला डोळ्यांनी साथ सोडली तेव्हा थांबली. पेन्शन काहीशे रुपये, सप्टेंबर २०१४ पासून किमान हजार झाली, ती तिने कुणाला दाखवली नाही, चंचीत ठेवायची आणि नातवंडांना वाढदिवसाला शंभर-शंभर काढून द्यायची. २०१६ ला गेली.

६ जुलै, आषाढी एकादशी

एकूण किती? हा प्रश्न मीच काढला आणि आता पस्तावा नाही पण डोकं दुखतंय. ज्या वर्षांची वही पूर्ण आहे त्यांची सरासरी आठवड्याला साडेचार हजारांच्या जवळ जाते. वर्षाचे अठ्ठेचाळीस आठवडे धरले, १९७८ ते २००६ धरलं, तर साठ लाख विड्या होतात. हजार विड्यांना साधारण पाव किलो तंबाखू, म्हणजे दीड टन तंबाखू तिच्या बोटांमधून गेली.

हे ग्रुपवर टाकलं. पप्पांचं लगेच उत्तर, "म्हणजे पंधरा पोती. अण्णा सकाळी चहाच्या आधी उतरवायचे." त्यावर आत्याचा व्हॉइस मेसेज, "त्यांना म्हणावं चिमटीने उतरवून दाखवायची." दोन दिवस ग्रुप यावरच चालू आहे, काकांनी पहिल्यांदाच एवढं टाइप केलं.

पण साठ लाख पानावर छापायचे नाहीत असं ठरवलंय. आत्याच्या विड्या त्यात आहेत, पोरांचे कट्टे आहेत, अम्मांच्या कार्डावर गेलेल्या त्यात नाहीत, १९७८ च्या आधीच्या नाहीत, छाट म्हणून काढलेल्या नाहीत, त्या तर तिने वळल्याच होत्या. एक मोठा आकडा टाकला की लोक आकडा बघतात, वा म्हणतात आणि पान उलटतात. त्याऐवजी १९८४ च्या त्या पावसाळ्याची दोन पानं जशीच्या तशी छापणार, फोटो, अंगठ्यांसकट, आणि बाजूला कोण त्या महिन्यात काय करत होतं ते: अण्णा खाटेवर, आजी वळतेय, आत्या वळतेय, पप्पा नववीत आणि रात्री कट्टे, काका चार वर्षांचे आणि मध्ये मध्ये. "हातभार" हा शब्द माझ्या मजकुरात येणार नाही. पप्पांना सांगितलंय, त्यांना पाहिजे तर त्यांनी स्वतःच्या नावाने वेगळा परिच्छेद लिहावा.

१३ जुलै, रविवार

दादाबरोबर व्हिडिओ कॉल. त्याचं म्हणणं "विडी कामगार" असं सरळ लिहिलं तर बरं दिसत नाही, मुलांचे स्थळांचे विषय चालू आहेत, "कुटीरोद्योग" लिहू. मी म्हटलं कुटीरोद्योग म्हणजे लोणची-पापड वाटतं, ओळखपत्रावर जे छापलंय तेच लिहायचं. बराच वेळ गेला. शेवटी त्याच्या बायकोने, वहिनीने, मागून सांगितलं की अण्णांचं हमाल लिहिताना नाही ना लाज वाटली. त्यावर दादा गप्प.

अण्णांच्या बिल्ल्याएवढाच मोठा फोटो आजीच्या ओळखपत्राचा, हेपण मान्य करून घेतलं. ओळखपत्रावर नाव एक आणि रेशनकार्डावर दुसरं आहे, दोन्ही देणार.

२० जुलै, रविवार

आजीचा चौकोन झाला: विडी कामगार (घरखेपी), भवानी पेठ, पुणे, १९७८ च्या आधीपासून २००६. चार पानं मजकूर, दोन पानं वहीचे फोटो. आत्याने प्रूफ मोठ्याने वाचून घेतलं माझ्याकडून, एका ठिकाणी थांबवलं, पाला भिजवून "रात्रभर पाण्यात" असं मी लिहिलं होतं, पाण्यात नाही, गोणपाटात, पाण्यात ठेवला तर सडेल. बदललं.

मग तिने विचारलं तिच्या चौकोनात काय आहे. "गृहिणी." लग्नानंतर पंधरा वर्षं ती हडपसरला पोळीभाजी केंद्रात पोळ्या लाटत होती, त्याआधीचं तर आलंच. दादाला फोन लावला तिनेच, माझ्याच फोनवरून, स्पीकरवर. "बाळा, माझं जरा नीट कर, आणि विडी पहिली लिही, पोळ्या नंतर." दादा म्हणाला आत्या चौकोनात एकच ओळ मावते. ती म्हणाली मग चौकोन मोठा कर.

तर दादाने आता सगळ्याच बायकांसाठी गूगल फॉर्म काढलाय आणि छपाई गणपतीनंतर ढकललीये. मधल्या आजीचं गंज पेठेत भाजीचं दुकान होतं, एक मावशी शाळेत शिपाई होती, भावकीतल्या दोघी-तिघी ऊसतोडीला जायच्या, हे सगळं यायचंय. पाथर्डीकडच्यांना फॉर्म भरता येणार नाही, त्यांना फोन मी करायचेत. काकांना १९८२ आणि ८३ च्या वह्या त्यांच्या माळ्यावर असतील असं वाटतंय, पुढच्या रविवारी बघतो म्हणालेत.